पंख्याचं विमान, सत्तर लाखांचं कर्ज आणि पाच वर्षांचा बाँड

पत्र थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातला मुलगा, वय 26. डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचे पेपर, फ्लाइंग स्कूल, पावसाळ्यात विमान बंद, इन्स्ट्रक्टर सोडून गेला, असं करत करत एकदाचं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, हातात आलं. तास 200 च्या थोडे वर, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग झालेलं. कर्ज 70 लाख, तारण राहतं घर आणि वडिलांची चार एकर बागायत. सात महिने घरी बसून आहे, हप्ता अजून पाच महिन्यांनी चालू होणार. आता एका रिजनल, म्हणजे लहान शहरांना जोडणाऱ्या एअरलाइनची ऑफर आलीय, एटीआर 72 या पंख्याच्या विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या एका जातीचं विमान चालवायच्या ट्रेनिंग-परवान्याचा अर्धा खर्च याने करायचा, पाच वर्षांचा बाँड, आणि उत्तर द्यायला दहा दिवस. मामा कर्जाला जामीन आहेत, ते म्हणतात, "पंख्याचं विमान चालवायला सत्तर लाख घातले का? थांब, मोठ्या कंपनीची भरती निघेल." आईने अहमदाबादच्या अपघातापासून विमानाचं नाव काढायचं नाही असं ठरवलंय. याचा स्वतःचा प्लॅन असा, की दोन वर्षं तिथं काढायची, तास जमवायचे आणि एअरबसवाल्या कंपनीत उडी मारायची. विचारतो, "ताई, जॉइन होऊ का थांबू? आणि एकदा रिजनलचा शिक्का बसला की मोठ्या कंपन्या घेत नाहीत म्हणतात, खरंय का?"

उत्तर:

पहिले मामांचं बोलू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी मामांवर आहेत आणि बाँडवर फक्त दोन, यातच मला काय ते कळलं.

मी बरीच वर्षं मुंबईत एअरलाइनच्या क्रू शेड्युलिंगला होते, म्हणजे पहाटे अडीचला फोन करून "सर, स्टँडबाय ॲक्टिव्हेट झालंय, पिकअप साडेतीनला" असं सांगून शिव्या खाणारी बाई मीच. त्यामुळे पायलट लोकांची हवा जेवढी बाहेरून दिसते त्यापेक्षा जरा वेगळी बघितलीय मी. आणि त्या टेबलावरून सांगते, एटीआरवाले आणि एअरबसवाले यांच्यात कमी-जास्त असं काही नसतं, असतो तो फक्त पगाराचा फरक आणि लग्नाच्या बाजारातला फरक.

मामांना सांग की तो जो पंखा दिसतो ना, त्याच्या मागे जेट इंजिनाच्याच जातीचं गॅस टर्बाइन असतं, ते पंखा फिरवतं एवढंच. तीनशे-चारशे किलोमीटरच्या रूटवर, लहान धावपट्टीवर, सत्तर-बहात्तर सीटांसाठी त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही उडत नाही म्हणून ते आहे. इंडिगो ही देशातली सगळ्यात मोठी कंपनी, तिनेसुद्धा 2017 च्या शेवटाला एटीआर आणले आणि आजही उडवतेय. म्हणजे "मोठी कंपनी" आणि "पंख्याचं विमान" हे दोन वेगळे डबे नाहीतच.

उलट सांगायचं तर काम जास्त असतं. एटीआर ताशी पाचशेच्या आसपास जातं आणि त्याची कमाल उंची 25,000 फूट, म्हणजे जुलैमध्ये सह्याद्रीवर ढग उभे असतात तेव्हा जेटवाला बऱ्याचदा वरून निघून जातो आणि तुम्ही त्यातून वाट काढत बसता. ऑटोथ्रॉटल नाही, पॉवर हाताने. दिवसाला चार-चार, कधी जास्त सेक्टर, म्हणजे तेवढे टेकऑफ तेवढे लँडिंग. घाटात एसटी चालवलेल्या ड्रायव्हरला हायवेचं काय वाटणार, तसं आहे हे. (मामांना हे पटेल, त्यांना एसटीबद्दल आदर असतोच.)

आणि एक गंमत, तुला ग्राउंड स्कूलमध्ये शिकवतीलच. या विमानाला शेपटीत एपीयू नसतं, म्हणजे जमिनीवर उभं असताना एसी आणि वीज देणारं ते छोटं इंजिन. मग करतात काय, उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून अडवून ठेवायचा आणि इंजिन तसंच चालू ठेवायचं, त्याला हॉटेल मोड म्हणतात. मागून जोराचा वारा असेल तर तेही जमत नाही. आता मे महिन्यात जळगावला दुपारी दोनला उभे आहात, मागच्या दाराने लोक चढतायत, ग्राउंड पॉवरची गाडी यायला वेळ लावतेय, कॉकपिटमध्ये शर्ट पाठीला चिकटलाय आणि वीस मिनिटांत परत निघायचंय. इन्स्टाग्रामवरचे चार पट्ट्यांचे फोटो इथे काढलेले नसतात. हे तुला चालणार असेल तर पुढचं वाच.

शिक्क्याचं विचारलंस. नाही, असा शिक्का नसतो. टर्बोप्रॉपवरून जेटवर गेलेल्या लोकांनी एअरलाइन भरलेल्या आहेत. दोन पायलटच्या कॉकपिटमध्ये काम केलेलं असणं, लाइनवर, म्हणजे प्रवासी घेऊन, खऱ्या हवामानात काढलेले मल्टी-इंजिनचे तास, याला किंमत असते, आणि 200 तासवाल्या हजारो सीपीएलच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फक्त टाइप रेटिंग दुसऱ्या विमानाला चालत नाही. एटीआरचं रेटिंग एटीआरपुरतं, उद्या एअरबसच्या ए320 वर जायचं तर परत सिम, म्हणजे सिम्युलेटर, परत चेक, परत कोणीतरी पैसे भरायचे, आणि ते कोणीतरी बहुतेक वेळा तूच असतोस.

आता तुझ्या "दोन वर्षांत उडी"कडे येते. बघ, दोन वर्षांनी निघायचं आणि पाच वर्षांच्या बाँडवर सही करायची, हे दोन्ही निर्णय एकाच मुलाने एकाच आठवड्यात घेतलेत. असं कसं चालेल रे? त्यात डीजीसीएचा 2017 चा नियम आहे, फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस आणि कॅप्टनला एक वर्षाची. नोटीस पूर्ण केल्याशिवाय जुनी कंपनी एनओसी देत नाही आणि एनओसीशिवाय नवी घेत नाही. 2023 मध्ये अकासाचे काही पायलट नोटीस न देता गेले तेव्हा कंपनी थेट कोर्टात गेली होती, पेपरला आलं होतं सगळं. म्हणजे उडी मारता येतेच, पण उडीची तारीख आणि रक्कम आधी माहीत पाहिजे.

दुसरी गोष्ट, तू "तास जमवायचे" असं लिहितोस जणू ते आपोआप जमतात. एटीपीएल, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स, त्याला 1500 तास लागतात. तुझ्याकडे 200, म्हणजे 1300 कमी. कंपनी धडधाकट असेल, महिन्याला 55 तास मिळाले, तर दोन वर्षांत काम होतं. पण कंपनीकडे चार विमानं आणि त्यातली दोन इंजिनाची वाट बघत कोपऱ्यात उभी असतील तर महिन्याला 25 सुद्धा मिळत नाहीत, आणि तेच 1300 तास सव्वाचार वर्षांहून जास्त खातात. मी रोस्टर लावत होते तेव्हा सगळ्यात जास्त भांडणं सुट्टीवरून व्हायची असं लोकांना वाटतं, पण ज्या महिन्यात विमानं ग्राउंड असायची त्या महिन्यात पोरं तासांसाठी भांडायची, एक सेक्टर द्या म्हणून विनवण्या करायची. पगारसुद्धा बऱ्याच ठिकाणी थोडा फिक्स आणि बाकी उडालेल्या तासांवर असतो, त्यामुळे विमान उभं राहिलं की तुझे तासही गेले आणि पैसेही.

म्हणून मला विचारशील तर "रिजनल का मोठी" हा प्रश्नच मी बाजूला ठेवीन. प्रश्न असा विचार की ही कंपनी माझ्या बाँडइतकी तरी जगेल का.

हे मी उगाच घाबरवायला म्हणत नाहीये. रिजनल कंपन्यांचा आपल्याकडचा इतिहास बघ. एअर पेगॅसस 2016 मध्ये थांबली, एअर कोस्टा 2017 मध्ये, ट्रूजेट 2022 मध्ये. ट्रूजेट तर नांदेड, जळगाव, कोल्हापूरच्या लोकांना चांगली आठवत असेल. उडान योजनेत ठरलेल्या रूटला सरकार तीन वर्षं व्हायबिलिटी गॅप फंडिंग देतं, म्हणजे तिकीट स्वस्त ठेवल्याने येणारी तूट भरून काढतं. तीन वर्षांनी तो हात सुटतो. कॅगने 2023 च्या अहवालात मोजून सांगितलं की दिलेल्या 774 रूटपैकी 403 चालूच झाले नाहीत, जे 371 चालू झाले त्यातल्या 112 नी तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च 2023 पर्यंत त्यानंतरही टिकून राहिले ते फक्त 54. आता तुझा बाँड पाच वर्षांचा आणि रूटचा आधार तीन वर्षांचा, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ जरा.

पण म्हणून मामांचं "मोठी ती सुरक्षित" हेही मी मान्य करणार नाही. जेट एअरवेज लहान होती का? एप्रिल 2019 मध्ये बंद. गो फर्स्ट मे 2023 मध्ये दिवाळखोरीत, आणि तिथल्या पायलटांनाही घरं होती, हप्ते होते. आणि दुसऱ्या बाजूला अलायन्स एअर बघ, एटीआर उडवणारी कंपनी, एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ही सरकारकडेच राहिली आणि एप्रिल 2025 मध्ये अमरावतीचा विमानतळ चालू झाला तेव्हा मुंबईहून पहिलं विमान तिचंच. फ्लाय91 गोव्यातून 2024 मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तुमच्या सोलापूरला आली. कोल्हापूरच्या ग्रुपची स्टार एअर 2019 पासून आहे, तिच्याकडे एम्ब्रेअर, म्हणजे रिजनल असून जेट. यातली कुठली चांगली कुठली वाईट हे मी सांगत नाहीये, तुझी ऑफर कुणाची तेही मी इथे लिहिणार नाही. सांगायचं एवढंच की आकारावरून आयुष्य कळत नाही, कागदावरून थोडंफार कळतं.

तर कागद कुठले बघायचे. हे तुझ्यासारख्या अजून बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल काढतं, त्यात एअरलाइनप्रमाणे किती प्रवासी, किती टक्के सीट भरल्या, किती फ्लाइट कॅन्सल झाल्या सगळं असतं, फुकट असतं, आणि पायलट होऊ बघणाऱ्या शंभरातला एक पण ते उघडत नाही. मागच्या वर्षभराचे काढ आणि तुझी कंपनी वर जातेय का खाली ते बघ. मग फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर आठवडाभर रोज संध्याकाळी बघ की कंपनीच्या ताफ्यातली किती विमानं आज खरंच उडाली. वेबसाइटवर सहा लिहिलेली असतील आणि आकाशात तीनच दिसत असतील तर बाकी तीन काय करतायत हे इंटरव्ह्यू घेणाऱ्याला सरळ विचार. त्यात काही उद्धटपणा नाही.

पीएफचं तर नक्की बघ. ईपीएफओच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून शोधता येतं, कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला, किती लोकांचा भरला ते दिसतं. ज्या कंपनीला घरघर लागते ती पगाराच्या आधी पीएफ आणि टीडीएस थकवते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मी जिथे होते तिथे पगार आठ तारखेचा पंधरा झाला, पंधराचा पुढच्या महिन्यात गेला, आणि मग पोरांना कळलं की पगारातून कापलेला टीडीएस भरलेलाच नाही. तोपर्यंत सगळे "मॅनेजमेंट म्हणतंय इन्व्हेस्टर येतोय" यावर जगत होते. इन्व्हेस्टर बिन्व्हेस्टर काही नाही, आला तो लीजवाला, म्हणजे विमानं भाड्याने देणारा, आणि विमानं घेऊन गेला. लीजवाल्याने किंवा पैसे येणं असलेल्या दुसऱ्या कुणी एनसीएलटीमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं बघणाऱ्या लवादात, अर्ज टाकलाय का हेही नावावरून शोधता येतं, तेवढं घरातल्या एखाद्या वकील भावोजींकडून करून घे.

आणि मग माणसं. तुझ्या फ्लाइंग स्कूलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी ना कोणी तिथे असणारच, दोन फर्स्ट ऑफिसर गाठ, त्यातला एक जमलं तर सोडून गेलेला. "कंपनी कशी आहे" असं विचारू नको, त्याला सगळे "ठीक आहे यार" म्हणतात. विचार की मागचे तीन पगार कुठल्या तारखेला झाले, गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले, टाइप रेटिंगनंतर लाइनवर रिलीज व्हायला, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीची ड्युटी मिळायला किती महिने लागले, आणि त्या काळात पगार किती होता. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. ऑफर लेटरवरचा आकडा बहुतेक वेळा रिलीज झाल्यानंतरचा असतो. त्याआधी ग्राउंड क्लास, सिम, मग मागे बसून बघायचं, मग लाइन ट्रेनिंग, या सगळ्यात स्टायपेंडवर काढायचे महिने असतात आणि तुझा हप्ता पाच महिन्यांनी चालू होतोय.

त्याचा हिशोब तू पत्रात केलेला नाहीस म्हणून मी केला. 70 लाख, दहा वर्षं, व्याज 11 टक्के धरलं तर हप्ता साधारण 96 हजार. हे मोरॅटोरियममध्ये, म्हणजे हप्ता चालू व्हायच्या आधीच्या सवलतीच्या काळात चढलेलं व्याज न धरता. म्हणजे पहिला पूर्ण पगार यायच्या आधी चार-पाच हप्ते आले तर ते कुठून देणार हे आत्ता वडिलांसोबत बसून ठरवायचंय, तेव्हा नाही. बँकेत जा, मॅनेजरला ऑफर लेटर दाखव, मुदत पंधरा वर्षांची करता येते का आणि सुरुवातीचे काही महिने फक्त व्याज घेतील का विचार. नोकरीचं पत्र हातात घेऊन गेलेल्या मुलाशी बँक वेगळी बोलते, हप्ता थकल्यावर गेलेल्याशी वेगळी. आणि टाइप रेटिंगच्या अर्ध्या खर्चासाठी अजून एक पर्सनल लोन काढायचा विचार करत असशील तर थांब, आधी कंपनीला विचार की ती रक्कम पगारातून हप्त्याने कापता का. काही कंपन्या ऐकतात. नाही म्हणाले तरी विचारल्याबद्दल ऑफर काढून घेत नाहीत.

आता बाँड. ऑफर लेटरमध्ये फक्त "पाच वर्षांचा बाँड" एवढंच आहे म्हणतोस, मग पूर्ण मसुदा मागवल्याशिवाय हो म्हणायचंच नाही. त्यात रक्कम दर वर्षी कमी होते का, म्हणजे चार वर्षांनी सोडलं तर एक वर्षाचेच पैसे का पूर्ण रक्कम, हे बघ. तू स्वतः अर्धं टाइप रेटिंग भरतोयस, मग बाँडची रक्कम कंपनीने भरलेल्या अर्ध्याइतकीच आहे का, का तुझ्याच पैशांसाठी तुलाच बांधून घेतायत? कंपनीने दोन-तीन महिने पगार दिला नाही, किंवा विमानं बंद पडली, किंवा परमिट गेलं, तर बाँड आपोआप संपतो असं वाक्य त्यात आहे का? नसेल तर घालून घे, निदान मेलवर लेखी विचार, म्हणजे पुढे कागद तरी राहतो. कोरे चेक सही करून देऊ नको. दहावी-बारावीची किंवा लायसन्सची ओरिजिनल कागदपत्रं ठेवून घेणार असतील तर तिथेच नमस्कार कर. आणि घराचं तारण बँकेकडे आहेच, त्यावर परत बाँडला मामांची गॅरंटी देऊ नको, त्यांनी एकदा सही केलीय ती पुरे.

आता थांबण्याचा पर्याय. मामा म्हणतात तसं मोठ्या कंपन्यांची भरती निघेल का? निघेल की. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 विमानं मागवली, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये 500, आणि देशाला पुढे 30,000 पायलट लागणार हे वाक्य तर फ्लाइंग स्कूलच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. पण ती विमानं वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने येतात, खरी ओढाताण कॅप्टनची असते, आणि नवख्यांची जागा निघते तेव्हा रांगेत तू, तुझ्या आधीच्या दोन बॅच आणि त्या कंपन्यांचे स्वतःचे कॅडेट, म्हणजे त्यांनीच निवडून शिकवलेली मुलं, असे सगळे असतात. थांबणं फुकट नसतं हे मामांना माहीत नाही. क्लास वन मेडिकल दर वर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग दर वर्षी, हात चालू ठेवायला तास भाड्याने घ्यायचे, सिमचे पैसे वेगळे. आणि सात महिन्यांचे सतरा झाले की सिम असेसमेंटला हात थरथरतो, हा अनुभव कितीतरी मुलांचा आहे.

मधला एक रस्ता आहे जो तू पत्रात लिहिलाच नाहीस, इन्स्ट्रक्टरचा. असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग करायचं आणि शिकवायचं. बारामती, गोंदिया, धुळे इथे स्कूल आहेत, आणि इन्स्ट्रक्टर नसल्याने पोरांचं ट्रेनिंग रखडतं हे तू स्वतःच भोगलंयस. पगार एअरलाइनसारखा नाही, तास सिंगल इंजिनचे जास्त, पण पायलट-इन-कमांडचे तास असतात, हात गरम राहतो आणि बाँड नसतो किंवा किरकोळ असतो. वरचे कागद बघून ही कंपनी डळमळीत वाटली तर घरी बसण्यापेक्षा मी तुला इकडे ढकलीन. जे करू नको ते म्हणजे, नोकरी हातात नसताना स्वतःच्या पैशाने ए320 चं टाइप रेटिंग. आणि "पंधरा लाख द्या, आतून सेटिंग आहे" म्हणणारा कोणी भेटला, मग तो कितीही कॅप्टन बिप्टन असो, फोन ठेवून दे.

आईबद्दल. "काही होत नाही गं" असं म्हणू नको, 12 जून 2025 तिने टीव्हीवर बघितलाय, आणि तू खोटं बोलतोयस हे तिला कळतं. ते विमान एटीआर नव्हतं, मोठं ड्रीमलायनर होतं, पण तिला त्याने काय फरक पडतो. एटीआरचेही अपघात झालेत, जानेवारी 2023 मध्ये पोखऱ्याला, ऑगस्ट 2024 मध्ये ब्राझीलला. तिला हे सांग की दर सहा महिन्यांनी तुला सिममध्ये बसवून इंजिन बंद पाडून परीक्षा घेतात आणि त्यात नापास झालास तर उडू देत नाहीत. आणि तुझ्यापुरतं म्हणशील तर त्या दोन फर्स्ट ऑफिसरना अजून एक प्रश्न विचार, हवामान खराब म्हणून कॅप्टनने लँडिंग सोडून विमान दुसरीकडे नेलं की दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिसमधून काय फोन येतो? आणि "मी थकलोय, उडणार नाही" असं सांगितलेल्याचं पुढे काय होतं? आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास करणारा नियम आता आलाय, पण नियम कागदावर असतो आणि फोन माझ्यासारखीच कोणीतरी करत असते. त्या फोनचा सूर कसा आहे ते आतलाच माणूस सांगेल. या प्रश्नावर तो घुटमळला तर माझ्या मते पगार, पीएफ सगळं चांगलं असूनसुद्धा नाही म्हणायचं.

बेस कुठला ते लिहिलं नाहीस. सोलापूरला विमान जातं म्हणजे तू घरी येशील असं आईने धरलंय का बघ. बेस हैदराबाद किंवा गोवा असू शकतो, नाईट हॉल्ट कुठल्यातरी तिसऱ्याच गावात, आणि दिवाळीची सुट्टी ज्युनिअरला मिळत नाही, हे मी स्वतः नाकारलेल्या अर्जांवरून सांगते.

माझं मत विचारलंस, तर कंपनीचे कागद आणि माणसं दोन्ही बरं बोलत असतील तर जा. आणि दोन वर्षांचं घड्याळ लावून जाऊ नको, बाँडभर राहायचंय असं धरून जा. एटीआरवर 1500 तास झाले, एटीपीएल झालं आणि तिथेच कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा मिळाली तर तिशीच्या आसपास तू कॅप्टन असशील, आणि तेव्हा मोठ्या कंपनीत को-पायलटच्या उजव्या सीटवर जायचं का इथेच कॅप्टनच्या डाव्या सीटवर बसायचं हा प्रश्न तुला आत्ता वाटतोय तेवढा सोपा राहणार नाही. ज्यांना ते काम आवडलं ते राहिले, मी बघितलेत असे. कागद बरे नसतील तर मात्र दहा दिवसांची घाई, मामा, कोणाचंच ऐकू नको, नाही म्हण आणि इन्स्ट्रक्टर रेटिंगची चौकशी कर.

दहा दिवसांतले किती गेले ते पत्रात कळत नाही. म्हणून आजच मेल टाक, साधा, चार ओळींचा. ऑफरबद्दल आभार, बाँडचा पूर्ण मसुदा पाठवा, ट्रेनिंगच्या काळातला पगार आणि बेस लेखी कळवा, आणि ते मिळाल्यापासून सात दिवसांची मुदत द्या. मामांना बँकेत सोबत घेऊन जा. जामीन तेच आहेत, हप्त्याचा आकडा त्यांनी मॅनेजरच्या तोंडून ऐकलेला बरा.